बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी जिंकला, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाने एकेरी सोडावी का?

लातूरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. उंची चांगली, सर्व्हिस दणकट. पण पुण्या-मुंबईच्या स्पर्धांना गेला की एकेरीत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरतो, दुहेरीत मात्र उपांत्य फेरीपर्यंत जातो. रोहन बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली तेव्हापासून घरात एकच विषय आहे: एकेरीचा नाद सोडून आत्तापासून फक्त दुहेरी खेळवावी का? बोपण्णाची कारकीर्द नेमकी कशी उभी राहिली, हेही त्यांना समजून घ्यायचंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. एकेरी आत्ता सोडू नका. आणि दुहेरी खेळवायचीच तर ती 'एकेरी हरलो, आता वेळ आहे तर खेळू' अशी खेळवू नका. तिचा वेगळा सराव हवा. मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं मुलांना टेनिस शिकवतोय, आणि बोपण्णाच्या विजयानंतर हा प्रश्न जालना, परभणी, नांदेड सगळीकडून येतो. 'वय हा नुसता आकडा आहे, जिद्द हवी' एवढाच अर्थ त्या विजयातून काढला जातो, तो मला पटत नाही. जिद्द होतीच. पण वय त्याच्या गुडघ्यांत येऊन बसलं होतं आणि ते त्याने नाकारलं नाही. शरीराला जे झेपेना ते त्याने खेळातून एकेक करून कमी केलं आणि जे हातात होतं ते जपलं. दुष्काळात आपला जालन्याकडचा मोसंबीवाला बाकी पिकांचं पाणी तोडतो आणि उरलेलं बागेला देतो, तसंच ते होतं. त्याची बाग होती सर्व्हिस.

आता कारकीर्द. बोपण्णा मूळचा कर्नाटकातल्या कोडगूचा, जन्म 4 मार्च 1980 चा. घरी कॉफीची शेती. किशोरवयात तो घर सोडून पुण्याला हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आला. लातूर-परभणीच्या पालकांना यात आपलीच गोष्ट दिसेल: लहान गावात सोबत खेळायला तोडीची मुलं मिळत नाहीत, म्हणून बाहेर पडावं लागतं. 2002 मध्ये तो डेव्हिस चषकात, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, भारताकडून पहिल्यांदा खेळला, 2003 मध्ये व्यावसायिक झाला. एकेरीत त्याची सर्वोच्च क्रमवारी 213, ती 2007 मध्ये.

हा 213 चा आकडा नीट बघा, कारण लोक तो 'एकेरीत अपयशी' असं म्हणून बाजूला टाकतात. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीचा मुख्य ड्रॉ 128 खेळाडूंचा असतो आणि त्यात क्रमवारीवर थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभरांना मिळतो. त्याखालचे शंभर-सव्वाशे पात्रता फेरीत झगडतात. बोपण्णा त्या रांगेतला होता. जगात 213 वा असलेल्या माणसाची सर्व्हिस, रिटर्न, पायांची हालचाल, पाच सेट खेळण्याचा दम, हे सगळं एकेरीतच घडलेलं असतं.

याचा पुरावा हवा तर 2010 चा सप्टेंबर महिना घ्या. महिन्याच्या पूर्वार्धात तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसोबत अमेरिकन ओपनच्या दुहेरीची फायनल खेळला. ब्रायन बंधूंनी ती जिंकली, पण दोन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेमवर, गेले. तिथून तो चेन्नईला आला, डेव्हिस चषकाच्या ब्राझीलविरुद्धच्या लढतीसाठी. भारत पहिल्या दिवसअखेर 0-2 ने मागे होता. दुहेरी जिंकली, मग सोमदेव देववर्मनने एकेरी जिंकून बरोबरी केली आणि निर्णायक पाचवा सामना बोपण्णाच्या वाट्याला आला. त्याने रिकार्डो मेलोला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. तिशीत असलेला, दुहेरीत नाव झालेला माणूस देशासाठी एकेरीचा पाचवा सामना जिंकतो, कारण एकेरीची शिदोरी त्याने आधी बांधून ठेवली होती. तुमच्या मुलाने पंधराव्या वर्षी एकेरी सोडली तर हा साठा तयार होणारच नाही.

दुहेरीतला पहिला एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) किताब त्याला 2008 मध्ये लॉस एंजेलिसला एरिक ब्युटोरॅकसोबत मिळाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पहिली ग्रँड स्लॅम फायनल तिसाव्या वर्षी. 2011 मध्ये कुरेशीसोबत आणि 2012 मध्ये महेश भूपतीसोबत पॅरिस मास्टर्स; मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमखालोखालच्या मोठ्या स्पर्धा. 2015 मध्ये रुमानियाच्या फ्लोरिन मर्जियासोबत माद्रिद, 2017 मध्ये उरुग्वेच्या पाब्लो कुएव्हाससोबत माँटे कार्लो. त्याच 2017 मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसोबत फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, म्हणजे पहिलं ग्रँड स्लॅम सदतिसाव्या वर्षी. रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासोबत चौथा क्रमांक, पदक थोडक्यात हुकलं. जोडीदार किती बदलले बघा. कुणी मातीच्या (क्ले) कोर्टवर वाढलेला, कुणी रिटर्नचा बादशहा, कुणी स्वतःच मोठी सर्व्हिस करणारा. दरवेळी याने आपला खेळ त्याच्याशी जुळवून घेतला. तुमच्या मुलाला हा गुण आजपासून लावता येतो, त्यासाठी वयाची वाट बघायला नको.

आता दुहेरीत शरीर का वाचतं ते सांगतो. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36 फूट. दुहेरीत ते दोघांत वाटलं जातं, म्हणजे एकाच्या वाट्याला 18 फूट. त्यातही एक जण नेटवर उभा असतो, त्यामुळे बहुतेक गुण चार-पाच फटक्यांत संपतात. शिवाय 2006 पासून एटीपीच्या दुहेरीत दोन नियम आले. 40-40 झालं की ॲडव्हांटेज नाही, पुढचा एकच गुण गेम ठरवतो, आणि तो कुणी घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी निवडते. आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक. ग्रँड स्लॅममध्ये जुनी पद्धत राहिली, पण वर्षभर खेळायच्या बाकीच्या स्पर्धा याच नियमांवर. सामना दीड तासाच्या आत आटोपू लागला. मोठी सर्व्हिस असलेल्या माणसासाठी ही व्यवस्था सोयीची, कारण त्या एका निर्णायक गुणाला सर्व्हिस लागली की समोरच्याच्या हातात काहीच उरत नाही.

एक गुण जवळून बघा. बोपण्णा सर्व्हिसला उभा. जोडीदार नेटवर, पाठीमागे हात धरून बोटांनी खूण करतो: सर्व्हिस कुठे टाकायची आणि तो स्वतः कापून पलीकडे जाणार की जागेवर राहणार. बोपण्णा मान हलवतो. सव्वासहा फुटांच्या आसपासची उंची, त्यावरून टाकलेला चेंडू सरळ मधल्या रेषेवर, 'टी' वर. रिटर्न करणाऱ्याला कोन मिळत नाही, चेंडू मध्येच येतो आणि नेटवरचा जोडीदार एक पाऊल टाकून तो मोकळ्या जागेत मारतो. गुण संपला. बोपण्णा सर्व्हिसनंतर दोन-तीन पावलांपलीकडे धावलासुद्धा नाही. प्रेक्षक टाळ्या व्हॉलीला वाजवतात, पण गुण घेतला सर्व्हिसच्या जागेने. वेगापेक्षा जागा महत्त्वाची, हे मुलांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण कट्ट्यावर बसलेले पालक नुसते 'एस' (समोरच्याला स्पर्शही न करता आलेल्या सर्व्हिस) मोजत असतात.

गुडघ्यांचं आता. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा जवळजवळ संपली होती. रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन तो कोर्टवर उतरत असे. 2021 च्या सुरुवातीचे पाच महिने त्याला एकही सामना जिंकता आला नव्हता, आणि आता थांबतो असा व्हिडिओ त्याने पत्नीला पाठवला होता. ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावरच्या भाषणात त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं. त्या काळात त्याने अय्यंगार योग मनावर घेतला. दोऱ्या, लाकडी ठोकळे, लोड यांच्या आधाराने एकेका आसनात बराच वेळ थांबायचं, मांड्या आणि पोटऱ्यांची ताकद अशी वाढवायची की धक्का गुडघ्यावर न बसता स्नायूंनी घ्यावा. पुण्यात घडलेली ही पद्धत. आपल्याकडे ती म्हाताऱ्यांची म्हणून मुलं नाकं मुरडतात, पण गोळ्या सुटल्या त्या या योगामुळे, असं तो स्वतः सांगतो. धावण्याचा सरावही त्याने कमी केला, विश्रांतीला सरावाइतकं महत्त्व दिलं. आणि एका हाताच्या बॅकहँडने लांबलचक रॅली खेळत बसण्यापेक्षा पहिल्या दोन फटक्यांत गुण संपवायचा, हे ठरवून टाकलं.

2023 मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एबडेन जोडीदार म्हणून मिळाला. एबडेन रिटर्नला आणि नेटवर चपळ, बोपण्णाकडे सर्व्हिस. त्या वर्षी इंडियन वेल्स मास्टर्स जिंकून बोपण्णा मास्टर्स स्पर्धा जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. विम्बल्डनची उपांत्य फेरी, अमेरिकन ओपनची फायनल. सप्टेंबरअखेरीस हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण, जोडीला ऋतुजा भोसले. ऋतुजा आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या श्रीरामपूरची. फायनलमध्ये पहिला सेट 2-6 गेला, मग 6-3 आणि टायब्रेक 10-4. ऋतुजाने अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळत पदवी घेतली. दहावीच्या मुलाच्या पालकांनी तिचा मार्ग लक्षात ठेवावा, त्याकडे पुढे येतो.

27 जानेवारी 2024 ला मेलबर्नमध्ये बोपण्णा-एबडेननी बोलेली-वावासोरी या इटालियन जोडीला 7-6, 7-5 असं हरवलं. पहिल्या सेटचा टायब्रेक 7-0. दोनच दिवसांनी, 29 जानेवारीला, तो दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर आला. एवढ्या वयात हे स्थान आधी कुणालाच मिळालं नव्हतं. त्या वर्षी पद्मश्री, मार्चमध्ये मायामी मास्टर्स. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत हरल्यावर भारतासाठी खेळणं थांबवलं आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, व्यावसायिक टेनिसच सोडलं. एकूण 26 एटीपी किताब.

आता पैशाचं, कारण पालक हे विचारायला संकोचतात. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला 7 लाख 30 हजार, तेही दोघांत. ही झाली सर्वोच्च पातळी. तुमचा मुलगा व्यावसायिक झाला तर सुरुवात 15 हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धांपासून होईल. तिथे एकेरी जिंकणाऱ्याला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतं आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला, दोघांना मिळून, हजारही नाहीत. विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं) यांत हे कुठे विरघळतं कळत नाही. फक्त दुहेरीच्या जोरावर खालच्या पातळीवर पोट भरत नाही. दुहेरीत पैसा आहे, पण तो वरच्या शे-सव्वाशे खेळाडूंना.

दुसरी अडचण प्रवेशाची. एटीपीच्या दुहेरीत नाव देताना खेळाडू एकेरीची क्रमवारीही वापरू शकतो. म्हणजे एकेरीत पन्नासावा असलेला माणूस मनात आलं तर दुहेरीत उतरतो आणि दुहेरीवाल्याची जागा जाते. आयटीएफच्या ज्युनियर क्रमवारीत तर सर्वोत्तम सहा एकेरी निकालांचे गुण पूर्ण धरतात आणि सर्वोत्तम सहा दुहेरींचे फक्त चौथा हिस्सा. ज्युनियरमध्ये एकेरी सोडली तर क्रमवारी सरकणारच नाही, आणि क्रमवारी नसेल तर चांगल्या स्पर्धेत दुहेरीलाही जागा मिळणार नाही.

लातूरमध्ये शिकण्याचं वातावरण आहे, सगळ्या मराठवाड्यातून मुलं तिथे बारावी आणि नीटसाठी येतात. ते ओझं न समजता त्याचा उपयोग करा. अमेरिकन विद्यापीठांत टेनिसवर शिष्यवृत्ती मिळते. सोमदेव व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि 2007, 2008 अशी दोन वर्षं ओळीने तिथला आंतरविद्यापीठ एकेरी विजेता झाला, मग व्यावसायिक झाला, 62 व्या क्रमांकापर्यंत पोचला. तिथे संघांच्या सामन्यात दुहेरीच्या तीन लढती मिळून एक गुण असतो आणि एकेरीच्या सहा लढतींचे सहा. दुहेरी चांगला खेळणारा प्रशिक्षकांना हवाच असतो, पण एकेरी येत नसेल तर संघात घेत नाहीत. आणि नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण बघतात. तेव्हा दहावीची परीक्षा खेळासाठी सोडू नका. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत स्पर्धा बंद, सकाळी तासभर सर्व्हिस आणि थोडा व्यायाम, एवढं पुरतं. सर्व्हिसला दुसरा खेळाडू लागत नाही, बादलीभर चेंडू पुरतात.

गुडघ्यांबद्दल आपल्या भागासाठी खास सांगायचंय. मराठवाड्यात नवे कोर्ट बहुतेक सिमेंटचे होताहेत, कारण मातीच्या कोर्टला रोज पाणी मारावं लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या दिवसांत कोर्टवर पाणी मारायचं नावसुद्धा काढणं शक्य नव्हतं. व्यवस्थापनाची अडचण खरी आहे. पण वाढत्या वयातल्या उंच मुलाचे गुडघे रोज सिमेंटवर आपटणं मला भीतीचं वाटतं. आठवड्यातले निदान दोन दिवस मातीवर मिळतील असं बघा. पावसाळ्यानंतर माती चांगली बसलेली असते, तेव्हा तरी नक्की. सिमेंटवर खेळायचंच तर एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर कोर्टवर ठेवू नका. बूट तळ गुळगुळीत होण्याआधी बदला. रॅकेटवर खर्च करणारे पालक बुटांवर काटकसर करतात, ते उलट व्हायला हवं. गुडघ्याच्या वाटीखाली दाबल्यावर दुखत असेल तर ती वाढीच्या वयातली ओळखीची तक्रार असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तेवढी विश्रांती द्या.

दुहेरीचा सराव कसा? आपल्याकडे चार मुलं एका कोर्टवर उभी केली की दुहेरी झाली, असं समजतात. आठवड्यातून दोन वेळा रिटर्नचा वेगळा सराव घ्या. समोरून सर्व्हिस येते, सर्व्हिस करणारा नेटकडे धावतोय, रिटर्न त्याच्या पायाशी पडला पाहिजे, नेटपासून हातभर वर नाही. मोठी सर्व्हिस असलेली मुलं रिटर्नला आळशी असतात, कारण स्वतःचे गेम फुकटात मिळतात. एकेरीत पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरण्याचं कारण बहुधा हेच असेल. मागच्या चार-पाच सामन्यांचे स्कोअर काढून बघा. 6-4, 7-5 असे सेट जात असतील तर तो स्वतःची सर्व्हिस राखतोय पण समोरच्याची तोडत नाही, म्हणजे रिटर्न कमी पडतोय. 6-1, 6-2 असे जात असतील तर दुखणं दुसरं आहे, बहुधा पायांचं किंवा दुसऱ्या सर्व्हिसचं. दोन्हींचा इलाज वेगळा. स्कोअर कळवताना दुसऱ्या सर्व्हिसवर साधारण किती गुण जातात तेही लिहून पाठवा.

जोडीदार मात्र आत्ताच पक्का करू नका. या वर्षी डावखुरा, उंच, बुटका, शांत, चिडका, मिळेल त्याच्याबरोबर खेळू द्या. सामन्याआधी दोघांनी खुणा ठरवून घ्यायच्या आणि प्रत्येक गुणाआधी बोलायचं, हरत असतानाही. नांदेड, परभणी, बीडची मुलं विभागीय शालेय स्पर्धांत भेटतात, त्यांच्याशी ओळख वाढवा. पुण्याच्या स्पर्धेला निघण्याआधी फोन करून जोडी ठरवता येते, म्हणजे तिथे पोचल्यावर उरलेल्या कुणाबरोबर तरी नाव द्यायची वेळ येत नाही. निर्णय अठराव्या वर्षी घ्या. तोवर आयटीएफ ज्युनियरमध्ये एकेरीची क्रमवारी कुठे आहे, उंची किती झाली आणि गुडघे काय म्हणताहेत, हे तिन्ही समोर असेल.